पुस्तकामागचे शिक्के : लेखकाचं नाव किती दिवस टिकतं?

नायगावकर

आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात सध्या निर्लेखन चालू आहे. फाटलेली, वाळवी लागलेली आणि वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं दाखलनोंद वहीतून बाद करायची. मदतीला निवृत्त माणसं हवी होती, म्हणून मी जातो. एकेक पुस्तक उघडायचं, शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची, आणि ठेवायचं की काढायचं ते सांगायचं.

या चिठ्ठ्या बघून मी अस्वस्थ झालो आहे, म्हणून हा धागा.

चंद्रकांत काकोडकरांची एक कादंबरी हाती आली. चिठ्ठीवर चिठ्ठी, तिच्यावर आणखी एक. साठ-सत्तरच्या दशकात हे पुस्तक कपाटात टेकलेलंच दिसत नाही. एकाने परत केलं की त्याच दिवशी दुसऱ्याने नेलेलं. ऐंशीनंतर शिक्के विरळ होत जातात आणि मग कोरी जागा. नव्या पिढीसाठी सांगतो. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरून याच लेखकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून केलेला ‘दो रास्ते’ लागला. त्यातली गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात. कादंबरीकाराचं नाव किती जणांना सांगता येईल?

नाथमाधवांचं तेच, मामा वरेरकरांचं तेच. मामा साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, राज्यसभेत गेले, बंगाली कादंबरीकार शरच्चंद्रांना मराठीत आणणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी. त्यांची पुस्तकं मी ‘बाद’च्या ढिगाऱ्यातून परत उचलून ठेवली आहेत. किती दिवस ठेवतील, सांगता येत नाही. आणि ना. सी. फडके! एके काळी मध्यमवर्गीय तरुण-तरुणी त्यांच्या नायक-नायिकांसारखं बोलायचा प्रयत्न करत, असं आमच्या आधीची पिढी सांगायची. अंधेरी पूर्वेला स्टेशनजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे. रोज हजारो माणसं ‘फडके रोडला सोडा’ म्हणून रिक्षात बसतात.

‘चांगलं टिकतं, वाईट जातं’ हे उत्तर मला पुरत नाही. या ढिगाऱ्यात चांगली पुस्तकंही आहेत. मला वाटतं, प्रसिद्धी ही लेखकाची कधी नव्हतीच. ती त्या वेळच्या वाचकांची होती. पहिली पाळी संपवून येणारा गिरणी कामगार, दुपारी मुलाला पाठवून पुस्तक बदलून आणणाऱ्या चाळीतल्या बाया, ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली की पुस्तक काढणारे कारकून, हे ते वाचक. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांचं आयुष्य विस्कटलं. परळ, लालबाग, नायगावातली घरं एकेक करून बदलापूर-विरारकडे सरकली. वाचक गेला तसं नाव गेलं. लेखकाने काही वाईट लिहिलं म्हणून हे झालेलं नाही.

मग लेखकाने कशासाठी लिहावं? नाव होऊ घातलेल्या तरुण लेखकांना आपण काय सांगावं? मनापासून विचारतो आहे. आपापलं मत लिहा.

केळेवाडी

नायगावकर, लेख वाचून गलबललो. साहित्य संघाच्या गल्लीत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे बाबूराव अर्नाळकरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही आमची घरची माणसं होती. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. नवं पुस्तक आलं की वाड्यात आधी कोण वाचणार यावरून मारामारी व्हायची. आणि समीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हणजे त्यांना प्रतिष्ठा मिळाली नाही, लोकप्रियता मिळाली. आता उलट्या टोकाची माणसं बघा. मर्ढेकर मार्च १९५६ मध्ये गेले, साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याच वर्षीचा, पण मरणोत्तर. खानोलकर १९७६ मध्ये गेले, ‘नक्षत्रांचे देणे’ला अकादमी १९७८ मध्ये. कोलटकर २००४ मध्ये गेले, ‘भिजकी वही’ला २००५ चा पुरस्कार. तिघेही या शहरात राबलेले कवी. मर्ढेकरांनी तर कवितांसाठी अश्लीलतेचा खटलाही सोसला. कुडाळची खानावळ सोडून आलेल्या खानोलकरांनी मुंबईत नोकरीसाठी काय काय सोसलं, ते जुन्या लोकांना माहीत आहे. त्या पुरस्काराचे पैसे वेळेवर मिळाले असते तर, असं मनात येतंच.

पहाटेची_विरार

काका, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी कविता करते. एका कवितेचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर खूप फिरला. लाखांत गेला. लोकांनी स्टेटसला ठेवला, कवी संमेलनांची बोलावणी आली, शाल-श्रीफळ झालं, एका मालिकेच्या लोकांनी फोन केला. ऑफिसमधले लोक लिफ्टमध्ये थांबवून बोलायचे. काही महिन्यांत सगळं शांत. त्यानंतर मी ज्या कविता टाकल्या त्या आधीपेक्षा चांगल्या आहेत, हे मला कळतं, पण त्या कोणाला दिसतच नाहीत.

त्याच दिवसांत एका प्रकाशकाने पुस्तक काढायचं सुचवलं. खर्च माझा होता. पाचशे प्रती. आईने बांगडी मोडली, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. करारावर सही केली तेव्हा वाचलंही नाही नीट. पुस्तक दुकानात कुठेच दिसत नाही.

मला नाव नको, असं मी म्हणणार नाही. हवं होतं आणि मिळालं तेव्हा फार आनंद झाला होता. आता रोज सकाळी लोकलमध्ये वही उघडते तेव्हा पहिली ओळ लिहितानाच डोक्यात येतं, ही चालेल का? ते डोक्यातून कसं काढायचं, हे मला मोठ्या लोकांना विचारायचं आहे.

अक्षरजुळारी

बाळ, तुझा प्रश्न मोठा आहे. आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल.

मी गिरगावात छापखान्यात जुळारी होतो. तेव्हा एकेक खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, उचलून ओळ जुळवायची. फर्मा छापून झाला की मजकूर सोडायचा, म्हणजे सगळे खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. टाईप मोजका असायचा, अडकवून ठेवणं कोणाला परवडत नव्हतं. याचा अर्थ असा की हजाराची आवृत्ती संपली आणि दुसरी काढायची ठरली, तर पहिल्या अक्षरापासून सगळं पुन्हा जुळवायला लागायचं. दुसरी आवृत्ती पहिलीइतकीच खर्चाची. त्यामुळे प्रकाशक जुनं पुस्तक पुन्हा काढण्याऐवजी त्याच लेखकाचं नवं मागायचा. वाचनालयांनाही नवंच हवं असायचं. लोकप्रिय लेखक वर्षाला चार-सहा पुस्तकं लिहायचे त्याच्यामागे हाव होती असं लोक म्हणतात. मी त्यांची हस्तलिखितं हातात धरली आहेत. कित्येकांना घरभाडं भरायचं होतं. मागचं पुस्तक मिळेनासं व्हायचं, पुढचं लिहिलं तरच नाव राहायचं. लिहिणं थांबलं की दोन-तीन वर्षांत दुकानातून नाहीसे.

तेव्हा नायगावकर, वाचक बदलला हे तुमचं खरं, पण प्रतीच उरल्या नाहीत हेही तितकंच खरं. ज्याची प्रत मिळत नाही त्याला वाचक कुठून येणार?

आता केशवसुत. दादरला पश्चिमेला उतरलं की समोर जो पूल, त्याला केशवसुतांचं नाव आहे. खाली फुलवाले, भाजीवाले, ही गर्दी. या कवीने हयातीत स्वतःचा एकही संग्रह पाहिला नाही. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, वय चाळीसच्या आत. कविता मासिकांतून विखुरलेल्या. हरिभाऊ आपट्यांनी त्या गोळा करून दहा-बारा वर्षांनी पुस्तक काढलं. हरिभाऊ त्या वेळचे सर्वांत नावाजलेले कादंबरीकार. आपली कामं बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कविता जमवायला बसले. ते बसले नसते तर पुलाला कोणाचं नाव दिलं असतं, कोण जाणे. तुला एवढंच सांगतो, व्हिडिओ लाखांनी पाहिला याचं वाईट वाटून घेऊ नको आणि आता पाहत नाहीत याचंही. कविता वहीत नीट उतरवून ठेव, तारीख घाल, दोन ठिकाणी प्रत ठेव. छापील पुस्तकाच्या दहा प्रती दहा चांगल्या वाचनालयांना स्वतः नेऊन दे.

परळची_सून

जुळारीकाकांना नमस्कार. असं लिहीत राहा.

कीर्तीचा विषय निघाला की आपल्याकडे समर्थांची ओळ लगेच पुढे येते, ‘देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी’. निरोप समारंभात, शोकसभेत, सगळीकडे. पण त्याच श्लोकात पुढे चंदनासारखं झिजायला सांगितलंय आणि सज्जनांचं अंतःकरण निववायला सांगितलंय. समर्थांनी कीर्ती मागितली ती अशी झिजून मिळणारी. ती शाल-श्रीफळाची नाही.

आणि जात्यावरच्या ओव्या? माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांना शेकड्यांनी पाठ होत्या. कोणी रचल्या विचारलं तर म्हणायच्या, ‘आईकडून आल्या.’ गी पॉयटवां आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी जाऊन गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायांना आपण काही वाङ्मय करतोय हे माहीतही नसेल. विरारच्या ताई, तुम्ही लोकलमध्ये वही उघडता तेव्हा ‘चालेल का’ हा विचार येतो म्हणालात. त्या बायांना दळण संपवायचं होतं आणि मन मोकळं करायचं होतं, समोर दुसरं कोणी नव्हतं. महिनाभर काही न टाकता नुसतं लिहून बघाल का? शेजारच्या बाईला वाचून दाखवा. आमच्या डब्यात भजन म्हणणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यासारखं ऐकणारं कोणी सापडायचं नाही.

घाटकोपर_पश्चिम

वरचं सगळं वाचलं. आदर राखून थोडं वेगळं बोलतो.

ओवी निनावी राहिली याचं कौतुक करताना एक विचार करू. त्या बायांना नाव लावायची सोय तरी कोणी दिली होती का? निनावी राहणं आणि निनावी ठेवलं जाणं यांत फरक आहे.

मी चिराग नगरजवळ राहतो. अण्णाभाऊ साठे तिथल्या झोपडीत राहून लिहायचे. शाळा दीड दिवसाची. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबई गाठली. १९४४ मध्ये अमर शेख, गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची लावणी लाखोंच्या सभेने ऐकली. ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली, १९६१ मध्ये तिला राज्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. आपण ज्याला यश म्हणतो ते यापेक्षा वेगळं काय असतं? आणि १८ जुलै १९६९ ला गोरेगावात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हालात गेले. गर्दी जमवणारा माणूस शेवटी एकटा होता. २०२० मध्ये जन्मशताब्दी झाली, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. १ ऑगस्टला आमच्याकडे मिरवणूक निघते, डीजे लागतो. त्या मिरवणुकीत मी दरवर्षी असतो आणि पोरांना ‘फकिरा’ वाचायला देतो.

म्हणून मला ‘यश क्षणभंगुर असतं’ हे वाक्य सरसकट पटत नाही. कोणाला ते पचवायला घर होतं, पगार होता. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, कामगारवस्तीत राहून लिहिलं. त्यांना संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला आनंद झाला, कारण ते मिळणं आमच्या वस्तीलाही मिळण्यासारखं होतं. ज्यांच्या वाट्याला मान कधी आलाच नाही, त्यांना मानाची आस सोडायला सांगू नका.

एस्प्लनेड

घाटकोपरकर, तुमच्या मुद्द्याला मान आहे. तरी कोलटकरांचा विषय निघाला आहे तर लिहितो. १९७६ मध्ये इंग्रजी ‘जेजुरी’, पुढच्या वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार आणि मराठी कवितांचं पुस्तक. जगभर नाव झालं. त्यानंतर पुढचं मराठी पुस्तक यायला २००३ साल उजाडलं. मधल्या काळात ते लिहीत होते. घरी फोन नव्हता. दर गुरुवारी दुपारी काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये मित्रांबरोबर बसायचे, खिडकीतून समोरचा चौक बघायचे. झाडणारी बाई, इडली विकणारी, भटकी कुत्री, हे सगळं त्यांच्या इंग्रजी ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आलं. आणि अशोक शहाणे यांच्यासारखा मित्र ‘प्रास’मधून पुस्तकं काढायला उभा राहिला. आज वेसाइड इन नाही, पण कविता आहेत. यश आलं तेव्हा त्याच्या मागे न धावता ते तिथेच बसून राहिले, हे मला फार मोठं वाटतं.

घाटकोपर_पश्चिम

मलाही वाटतं. फक्त त्यांच्यामागे जाहिरात क्षेत्रातलं काम आणि तिथलं नाव होतं, हे विसरू नये. बसून राहायला खुर्ची लागते.

एस्प्लनेड

मान्य. शहाण्यांसारखा मित्रही लागतो. केशवसुतांना हरिभाऊ लागले तसा.

अंधेरी_पूर्व

अजून एक प्रकार लिहितो. नाव राहतं आणि लेखन जातं. वपुंच्या नावाने फिरणारे फॉरवर्ड बघा. महापालिकेत आर्किटेक्ट म्हणून नोकरी करून त्यांनी कथा लिहिल्या, स्वतःच्या कथाकथनाने सभागृहं भरवली. आज सकाळी-सकाळी त्यांच्या नावाने जी वाक्यं येतात त्यांतली बरीच त्यांची नाहीत. पाठवणाऱ्यांनी कथा वाचलेली नसते. लेखकाचं याहून मोठं नुकसान मला तरी सुचत नाही. प्रत्येक वेळी ‘हे कोणत्या पुस्तकातलं?’ असं विचारायचं मी ठरवलंय. घरच्या ग्रुपवर त्यामुळे वाद होतात, होऊ देत.

मुलुंडकर

हा धागा दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको करत होते.

माझे बाबा लेखक होते. नाव सांगत नाही, सांगितलं तरी फार थोड्यांना आठवेल. सत्तरच्या दशकात दिवाळी अंकांची पत्रं यायची, ‘आपली कथा मिळाल्याशिवाय अंक पूर्ण होणार नाही’ अशी. लालबागच्या आमच्या खोलीत मोठमोठे लेखक येऊन जमिनीवर बसून पोहे खाऊन गेले आहेत. मग पत्रं कमी झाली. बाबा पोस्टमनची वाट बघायचे. लिहिणं मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही, रोज पहाटे. शेवटच्या दोन कादंबऱ्यांना प्रकाशक मिळाला नाही.

चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा आम्हाला संक्रमण शिबिरात एक खोली मिळाली. बाबांच्या पुस्तकांचे गठ्ठे, कात्रणं, हस्तलिखितं, दिवाणाखाली बसेनात. आईने काही गठ्ठे रद्दीत दिले. तिला कोणी दोष देऊ नका, त्या खोलीत पाच माणसं झोपायची. जे वाचलं ते आता माझ्याकडे आहे. कोर्टकचेरीतलं जाणणारं कोणी असेल तर सांगा : बाबांच्या पुस्तकांचे हक्क कोणाचे? जुना प्रकाशक फोन उचलत नाही, दुकानही बंद झालंय. आम्ही तीन भावंडं आहोत. पुस्तकं लोकांना वाचायला मिळावीत, एवढीच इच्छा आहे. पैशाची अपेक्षा नाही.

नायगावकर

मुलुंडकर ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. तुमचे बाबा पत्रं बंद झाल्यावरही पहाटे लिहीत होते. ती हस्तलिखितं कृपा करून कोणाला देऊ नका, आधी त्यांचे फोटो काढून घ्या. मी येऊन मदत करीन.

आणि घाटकोपरकर, ‘निनावी ठेवलं जाणं’ हा तुमचा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा होता. चिठ्ठीवर शिक्के फक्त वाचनालयात आलेल्या पुस्तकांना पडतात. जी खरेदीच्या यादीतच आली नाहीत, त्यांची मोजदाद कोणी केली नाही.

कोर्टनाका

मुलुंडकर ताई, मी याच क्षेत्रात काम करते. कागद न बघता अंतिम सल्ला देता येत नाही, तरी ढोबळ चित्र असं आहे.

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट राहतो. वारसा जसा चालतो तसा तो वारसांकडे येतो, म्हणजे आई असल्यास त्या आणि तुम्ही तिघं भावंडं. मर्ढेकरांचं लेखन २०१७ पासून सगळ्यांना खुलं आहे, अण्णाभाऊंचं १ जानेवारी २०३० पासून होईल. मधली साठ वर्षं हीच खरी धोक्याची. वारस सापडत नाहीत किंवा आपसांत बोलत नाहीत, प्रकाशक हात लावायला घाबरतो आणि पुस्तक तेवढ्यात संपतं.

प्रकाशकाबरोबरचा करार शोधा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे जुन्या प्रकाशकाकडे आता हक्क उरलेले नसण्याची शक्यता बरीच आहे. पण ही तरतूद नंतरच्या दुरुस्तीने आली, म्हणून कराराची तारीख महत्त्वाची. विरारच्या ताईंनीही आपला करार काढून वाचावा. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते आपोआप परत येतात.

हक्क तुमच्याकडेच आहेत हे नक्की झालं की सगळ्या वारसांनी एका कागदावर सह्या करा. हे आज करा; पुढे वारसांपैकी कोणी गेलं की त्यांच्या वारसांच्याही सह्या लागतात. मग मुक्त परवान्याखाली पुस्तकं मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयावर चढवता येतील. आणि १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत काही ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यांतलं एक आपल्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. रद्दीत गेलेल्या पुस्तकांची प्रत तिथे निघू शकते. जाताना पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि साल लिहून न्या. लेखकाच्या नुसत्या नावावर शोधायला वेळ लागतो. करार सापडला की व्यक्तिगत निरोप पाठवा, फी घेणार नाही.

मुलुंडकर

आई आहे, सही करू शकते. करार एका पत्र्याच्या पेटीत असावा, रविवारी भावाकडे जाऊन बघते. शेवटच्या दोन कादंबऱ्या छापल्याच नव्हत्या, त्यांनाही हेच लागू होतं का?

कोर्टनाका

हक्क तुमचेच. फक्त लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. हस्तलिखितावर पान क्रमांक नसतील तर आधी तेवढे पेन्सिलने घाला, फोटो नंतर.